भावाच्या गोळ्या कमी करायच्या का? (स्किझोफ्रेनिया, नवं संशोधन आणि आपली घरं)

गोदाकाठ (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, यात तीन महिने गेले. आज काढतेच.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. डिप्लोमा झाला, इथे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि सहा महिन्यांत स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. त्याला आता अकरा वर्षं झाली. गेली चार वर्षं तो ठीक आहे. ठीक म्हणजे काय, तर साडेनऊला उठतो, दुपारी मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, संध्याकाळी आईला भाजी आणून देतो. कुणी नसताना ऐकू येणारे आवाज अजून येतात, पण "लांबून येतात" म्हणतो. वजन ५८चं ९१ झालंय. हात थरथरतात, म्हणून चहाचा कप अर्धाच भरून मागतो.

परवा जेवताना त्याने विचारलं, "ताई, या गोळ्या कधी बंद होणार?" आईने मान वर केली नाही. बाबा म्हणाले, डॉक्टर सांगतील तेव्हा. डॉक्टरांकडे आम्हाला मिळतात चार मिनिटं. बाहेर साठ माणसं ताटकळत असतात, त्यांचाही नाइलाज आहे.

आम्ही घाबरतो त्याला कारण आहे. २०१९च्या दिवाळीत आईने तुळशीची कुंडी उकरली तर मातीत गोळ्या सापडल्या. भिजून फुगलेल्या, काही विरघळलेल्या. मी मोजल्या, ४७ होत्या. त्यानंतर आठच दिवसांत तो पहाटे घरातून निघून गेला आणि दुपारी रामकुंडावर सापडला, अनवाणी. दीड महिना भरती होता. तेव्हापासून घरात "गोळ्या" हा शब्द कुणी नीट उच्चारत नाही. आई फक्त "घेतलीस?" एवढंच विचारते.

पण त्याचा प्रश्न चुकीचा नाही, म्हणून मी वाचायला बसले. इंग्लंडमध्ये 'रडार' नावाचा अभ्यास झाला, २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. २५३ जण, सगळे वारंवार किंवा दीर्घकाळ आजारी असलेले. निम्म्यांचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने हळूहळू कमी केलं, निम्म्यांचं तसंच ठेवलं. दोन वर्षांनी पाहिलं तर औषध कमी केलेल्यांचं कामधंदा, माणसांत मिसळणं यात काही सुधारलेलं नव्हतं. उलट भरती करावं लागण्याइतका आजार उलटला तो औषध कमी केलेल्यांत २५ टक्के लोकांत आणि चालू ठेवलेल्यांत १३ टक्के लोकांत. हा अभ्यास करणाऱ्या जोआना माँक्रीफ स्वतः औषधांच्या अतिवापरावर वर्षानुवर्षं टीका करत आल्यात. निकाल आपल्या मताविरुद्ध गेला तरी त्यांनी तो मांडला, याचा मला फार आदर वाटतो.

दुसरीकडे नेदरलँड्समधला २०१३चा एक अभ्यास सांगतो की पहिल्याच झटक्यानंतर ज्यांचं औषध लवकर कमी करून पाहिलं, त्यांच्यातले ४० टक्के सात वर्षांनी बरे होऊन कामाला लागलेले होते. औषध पूर्ण चालू ठेवलेल्यांत हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं. पण तिथे एकूण माणसं १०३च.

आता मी कुणाचं ऐकू? कुणी घरात हे केलंय का? उपदेश नको, अनुभव हवेत.

कांदेपोहे (रविवार, रात्री ११.०५)

वाचतेय. आमच्याकडे काकू. नंतर सविस्तर लिहिते.

मनोवैद्य (सोमवार, सकाळी ७.१५)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, गंगापूर रोडला प्रॅक्टिस करतो. तुमच्या भावाचे डॉक्टर मी नाही, त्यामुळे डोसबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. पण तुम्ही ज्या दोन अभ्यासांमध्ये अडकलात, ते एकमेकांच्या विरोधात नाहीत. माणसं वेगळी आहेत. एकीकडे पहिलाच झटका आलेले, दुसरीकडे अनेकदा आजार उलटलेले. तुमचा भाऊ दुसऱ्या गटाच्या जवळ जातो.

आता एक गोष्ट, जी मी स्वतःही शिकताना नीट समजून घेतली नव्हती. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या बसायच्या जागा अडवून धरतात. त्या साधारण ६५ टक्के अडल्या की बहुतेकांचे आवाज, संशय कमी होतात. ८० टक्क्यांच्या आसपास गेल्या की थरथर, ताठरपणा सुरू होतो. ठक्कर बाजारचा एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. पहिली चाळीस माणसं आली की बाकं भरली. पुढची शंभर उभीच राहणार. औषधाचंही तसंच आहे, डोसचा पहिला लहानसा भागच बहुतेक बाकं भरतो. म्हणून मोठा डोस थोडा उतरवला तर उभी असलेली माणसं जातात, फारसा फरक जाणवत नाही. सगळ्यांना वाटतं, जमलं! आणि मग शेवटची लहानशी गोळी एका फटक्यात बंद करतात. त्या दिवशी बाकं रिकामी होतात.

म्हणून नव्या मांडणीनुसार शेवटच्या टप्प्यातली पावलं सगळ्यात छोटी हवीत, आणि त्यांना महिने नव्हे, वर्षंही लागू शकतात. आणि "कमी करणं" म्हणजे "बंद करणं" नव्हे. थरथर थांबेल इतकं खाली येऊन तिथेच थांबणं, हेही यशच आहे. माझे बरेच पेशंट तिथे आनंदात आहेत.

कुंडीत गोळ्या पुरणं म्हणजे एका रात्रीत सगळा स्टँड रिकामा करणं.

शांतीपाठ (सोमवार, सकाळी ९.३०)

ताई, राग मानू नका. त्र्यंबकला नारायण नागबळी केला का? आमच्या ओळखीत एकाला फरक पडला. गोळ्यांनी किडनी जाते, आयुष्य कमी होतं असं ऐकलंय.

निवृत्त_सिस्टर (सोमवार, दुपारी १.५०)

शांतीपाठ दादा, मी सत्तावीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली. पूजेला माझा कधीच विरोध नव्हता. घरच्यांच्या जिवाला शांतता मिळते, ती पेशंटलाही लागते. माझं म्हणणं एवढंच असायचं की तीन दिवसांच्या विधीत गोळी चुकवू नका, उपाशी ठेवू नका. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असलेल्याला निर्जळी तर मुळीच नको. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात चढतं, माणूस लटपटायला लागतो, उलट्या होतात. असे पेशंट आमच्याकडे थेट उपासाच्या दुसऱ्या दिवशी यायचे. किडनीची काळजी लिथियमच्या बाबतीत खरी आहे, म्हणून तर त्याची रक्ततपासणी ठरावीक अंतराने करतात. सगळ्याच गोळ्यांना ते लागू करू नका.

आयुष्याबद्दल म्हणाल तर फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६२ हजारांहून जास्त पेशंटची वीस वर्षांपर्यंतची नोंद तपासली होती, २०२०मध्ये आली. औषध घेत असण्याच्या काळात मृत्यूचं प्रमाण औषध न घेण्याच्या काळापेक्षा स्पष्ट कमी होतं. सगळ्यात कमी क्लोझापिनवर. तेच क्लोझापिन, ज्याचं नाव काढलं की लोक घाबरतात.

द्राक्षवेल (सोमवार, रात्री ८.२०)

सिस्टरांनी क्लोझापिनचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबागायतदार. माझे थोरले बंधू, आम्ही दादा म्हणतो. दोन औषधं करून झाली, काही उपयोग नाही. रात्रभर बागेत काठी घेऊन फिरायचे, कुणीतरी वेली कापायला आलंय म्हणून. तिसऱ्या डॉक्टरांनी क्लोझापिन सांगितलं, आणि सोबत सांगितलं की लाखात नाही, शंभरात एखाद्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, म्हणून रक्त तपासावं लागेल. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला. दर सोमवारी दादांना गाडीवर मागे बसवून लॅबला नेलं. ऐन फवारणीत, ऐन छाटणीत. एकही सोमवार चुकवला नाही.

सहाव्या महिन्यात दादा विरळणीला बायांसोबत बसले. घड हातात धरून बारीक मणी कात्रीने काढायचे, डोळे फाडून बघावं लागतं. पहिल्या दिवशी एक ओळ केली. आज चौदा वर्षं झाली.

ताई, आमची चूक सांगतो. आम्ही आधी दादांना चांगलं व्हावं म्हणून टोचायचो. "उठा आता, किती झोपता", "त्याच्याकडे बघा, तो कसा कमावतो". डॉक्टरीणबाईंनी एकदा मला एकट्याला आत बोलावलं आणि म्हणाल्या, घरात टोमणे जितके जास्त, तितका आजार लवकर उलटतो, यावर लंडनला पन्नास वर्षांपूर्वीपासून अभ्यास झालेत. आणि १९८७मध्ये चंदीगडच्या घरांचा अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या घरांत असं टोचून बोलणं लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. म्हणाल्या, ही आपली कमाई आहे, ती घालवू नका. मी घरी येऊन आमच्या मातोश्रींना आणि मंडळींना बसवून सांगितलं. सोपं नव्हतं.

मनोवैद्य (सोमवार, रात्री ९.०५)

द्राक्षवेल, तुमच्या त्या सोमवारांना माझा नमस्कार. क्लोझापिनवरचा गाजलेला अभ्यास १९८८चा. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, जुन्या औषधावर ४ टक्के. तरीही आपण हे औषध फार उशिरा सुरू करतो. पेशींचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि तपासणीने तो हाताळता येतो. अमेरिकेत तर २०२५मध्ये तिथल्या सक्तीच्या नोंदणीची अट काढून टाकली, कारण त्या कागदपत्रांपायी औषध मिळायला अडचण होत होती.

दोन गोष्टी घरच्यांना कुणी सांगत नाही. एक, बद्धकोष्ठता. क्लोझापिनवर ती जिवावर बेतू शकते. तीन दिवस शौचाला झालं नाही तर थांबू नका. दुसरी, बिडी-सिगारेट. धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं. माणूस भरती झाला, बिडी बंद झाली की त्याच डोसचं प्रमाण रक्तात वाढतं. चुना-तंबाखूने हे होत नाही, तो परिणाम धुराचा आहे. (म्हणून तंबाखू चालेल असं कृपया वाचू नका.)

द्राक्षवेल (सोमवार, रात्री ९.२०)

अरे देवा. दादांनी मागच्या चैत्रात बिडी सोडली, तेव्हापासून लाळ गळते आणि दिवसभर झोपतात. आम्हाला वाटलं वय झालं. उद्या फोन करतो डॉक्टरांना.

सातपूर_शिफ्ट (मंगळवार, पहाटे ३.१०)

थोडं अवांतर. मी डिप्रेशनची गोळी घेतो, दीड वर्ष झालं. बंद केली की त्रास होतो का? रात्रपाळीत आहे, झोप येत नाही म्हणून वाचत बसलो.

मनोवैद्य (मंगळवार, सकाळी ७.४०)

अवांतर नाही. २०२४मध्ये ७९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, सुमारे २१ हजार माणसं. डिप्रेशनची गोळी थांबवल्यावर ३१ टक्क्यांना चक्कर, डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणं असं काही ना काही झालं. पण खोटी, औषध नसलेली गोळी थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना झालं. म्हणजे औषधामुळेच होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. उगाच घाबरू नका, पण स्वतःहून बंदही करू नका. आणि आजार परत येण्याचा प्रश्न वेगळा. इंग्लंडच्या २०२१च्या अभ्यासात बरं वाटत असलेल्या, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनी ती थांबवली तर वर्षभरात ५६ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांना. दोन्ही आकडे नीट बघा. थांबवूनही शंभरातले चव्वेचाळीस जण बरे राहिले. कुठल्या बाजूला आपण असू, हे तुमच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं. रात्रपाळीचं त्यांना आवर्जून सांगा.

रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

कातरवेळ (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

सगळे घरचे लिहितायत. मी स्वतः पेशंट आहे. स्किझोफ्रेनिया, सोळा वर्षं. शिकवण्या घेते, सिडकोत.

गोदाकाठ ताई, तुमच्या भावाने गोळ्या का पुरल्या ते मी सांगू शकत नाही, पण मी का फेकायचे ते सांगते. "घेतलीस?" या शब्दामुळे. पाहुण्यांसमोर, बसमध्ये, फोनवर. मी काही चांगलं बोलले तरी "घेतलीस ना आज?", चिडले तरी तेच. मी रडले तर तो आजार, हसले तर तो आजार. गोळी फेकली की वाटायचं, एक तरी गोष्ट माझ्या हातात आहे.

गोळी हवी की नको यापेक्षा मला ते ठरवताना खोलीत बसायचं होतं. आता माझ्या डॉक्टर आधी मला आत घेतात, मग आईला. मी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे तसं लिहून ठेवलंय की मला भान राहिलं नाही तर कोणते उपचार चालतील, कोणते नाही आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आईऐवजी मैत्रिणीचं नाव घातलंय. आई पहिल्यांदा दुखावली. मग म्हणाली, बरं झालं, माझ्यावरचं ओझं गेलं. हा कागद लिहिल्यापासून मी एकही गोळी फेकलेली नाही.

आणि कृपया, आवाज कमी झाले की "आता तू बरा" असं म्हणू नका. पुढे कधी वाढले तर सांगायची चोरी होते.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, संध्याकाळी ७.००)

कातरवेळ, बाळा, तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. आम्ही वॉर्डात तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघायचो. गरज असायची, पण तुझं वाचून काही चेहरे आठवले.

पेठची_पोर (बुधवार, दुपारी १२.१५)

इथे सगळं डॉक्टरांचं चाललंय, पण आमच्या पेठला डॉक्टर नव्हतेच, तेव्हाची गोष्ट. २०१३ ते २०१५ पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मानसिक आरोग्य केंद्राचा. गावातल्याच बाया-माणसांना शिकवलं की उदास, घाबरलेल्या माणसाकडे बसायचं कसं, ऐकायचं कसं. चार-सहा भेटी. फोनवर छोट्या फिल्म दाखवायचे. तब्येत जास्त बिघडलेली असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवायचे. आमची मावशी त्यात होती. ती सांगायची, पहिल्या भेटीत लोक पावसाबद्दलच बोलतात, तेवढं ऐकून घ्यावं लागतं. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं. पण सुरुवात आपल्या जिल्ह्यातली, हे नाशिकमध्येच कुणाला माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

मनोवैद्य (बुधवार, रात्री १०.३०)

फार चांगली आठवण. स्किझोफ्रेनियासाठीही असंच झालंय. तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा, तीन ठिकाणी २८२ पेशंट, २०१४मध्ये प्रसिद्ध. प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जायचे, गोळ्यांची आठवण, घरच्यांशी बोलणं, कामाला लावणं. वर्षभरात लक्षणं आणि परावलंबित्व नुसत्या दवाखान्यापेक्षा जास्त कमी झालं. फरक मध्यम होता, पण खरा होता.

आणि कुणी विचारण्याआधी सांगतो, २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध डोपामिनच्या जागा अडवत नाही, वेगळ्याच वाटेने काम करतं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा असं घडतंय. मात्र मंजुरीमागचे मुख्य अभ्यास पाच आठवड्यांचे आहेत. अकरा वर्षांच्या आजाराला पाच आठवड्यांचा पुरावा थोडा पडतो, एवढंच म्हणेन.

गोदाकाठ (सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.५०)

मंडळी, उशीर झाला. सांगते.

कातरवेळचं लिहिणं मी भावाला वाचायला दिलं. त्याने फोन परत दिला आणि म्हणाला, "डॉक्टरांकडे मी आधी जाणार." आम्ही शेवटचा नंबर मागून घेतला, रात्री साडेनऊचा. पंचवीस मिनिटं मिळाली. तो एकटा आत पंधरा मिनिटं होता.

मुख्य गोळी लगेच कमी केली नाही. आधी रक्तातली साखर, चरबी तपासली. वजनासाठी मेटफॉर्मिन सुरू केलं. सकाळची अर्धी गोळी रात्रीच्या सोबत घ्यायला सांगितली, त्यामुळे तो आता साडेसातला उठतो. पुढच्या महिन्यात एक लहान पाऊल खाली, मग तीन महिने तिथेच. "शून्यावर यायचंच असं ठरवू नकोस, थरथर थांबते का बघू," असं डॉक्टर त्याला म्हणाले.

घरी येऊन त्याने वहीत धोक्याच्या खुणा लिहिल्या. मला वाटलं होतं झोप, चिडचिड असं काही लिहील. पहिली खूण होती "दुकानातली पाठकोरी पानं वाचायला लागतो, त्यात माझ्याबद्दल काही आहे का म्हणून". अकरा वर्षांत हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. ते पान फ्रिजवर नको, कपाटाच्या आत लाव, असं त्याने सांगितलं. तसंच लावलंय. आईने "घेतलीस?" बंद केलंय. दोनदा तोंडावर आलं, गिळलं.

द्राक्षवेल (शनिवार, रात्री १०.१०)

ताई, डोळे भरून आले. दादांचाही डोस डॉक्टरांनी उतरवला, लाळ थांबली. गोळ्या ठेवायला कशात ठेवता? आमच्याकडे डब्यात सगळ्या एकत्र होतात.

गोदाकाठ (शनिवार, रात्री १०.१५)

गोळे कॉलनीतून खणांची डबी आणली, सात दिवस, सकाळ-रात्र असे चौदा खण. रविवारी तो स्वतः भरतो.

थांबा, त्याला काही लिहायचंय.

गोदाकाठ (शनिवार, रात्री १०.३०)

मी भाऊ. ताईच्या आयडीवरून लिहितोय. कातरवेळ यांना विचारायचं होतं. मला झेरॉक्सचं मशीन चालू असलं की आवाज कमी ऐकू येतात. बंद केलं की परत येतात. तुमच्या बाबतीत असं काही आहे का? शिकवताना काय करता?

कातरवेळ (शनिवार, रात्री १०.४५)

आहे ना. मी मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावते आणि त्यांच्यासोबत म्हणते. स्वतः बोलत असले की माझे आवाज दबतात. पावकी-निमकीसुद्धा पाठ झाली माझी. मशीन बंद असेल तेव्हा हळू आवाजात काही वाचून बघा. कसं वाटतं ते इथेच सांगा.